घटस्फोटाचं प्रकरण हाती घेताना: कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

कुटुंब न्यायालयात नव्याने उभे राहणारे वकील बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात: याचिकेत क्रूरतेचे प्रसंग किती घालावेत? माझं सांगणं असतं की प्रसंगांचं नंतर बघू, आधी आकडे गोळा करा. २०१७ पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे या क्षेत्रातले महत्त्वाचे निवाडे ओळीने वाचले, तर त्यांचा रोख स्पष्ट दिसतो. उत्पन्न आणि मालमत्ता प्रामाणिकपणे उघड करा. आरोप मोजके आणि तारीखवार ठेवा. दोघांनाही वेगळंच व्हायचं असेल तर त्यांना ताटकळत ठेवू नका. आपलं काम या तिन्हीला धरून मांडलं, तर पक्षकाराची दोन-तीन वर्षं वाचतात आणि मुलांचे हालही कमी होतात. पुढची मांडणी प्रामुख्याने हिंदू विवाह कायदा आणि महाराष्ट्रातली न्यायालयं डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

पहिली भेट: तारखा आधी, तक्रारी नंतर

पहिल्या भेटीत पक्षकार रडतो, चिडतो, मधूनच गप्प होतो. त्याला बोलू द्यावं. पण तो उठण्याआधी एका कागदावर चार तारखा उतरलेल्या असल्या पाहिजेत: लग्नाची, शेवटचे एकत्र राहिल्याची, वेगळे झाल्याची आणि आजवर कुठल्याही पोलीस ठाण्यात, महिला साहाय्य कक्षात किंवा न्यायालयात काही दाखल केलं असल्यास त्याची. पुढची सगळी गणितं या चार तारखांवर बसतात. लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर कलम १४ आडवं येतं आणि अपवादात्मक हालअपेष्टा दाखवून परवानगी घ्यावी लागते. परस्पर संमतीसाठी कलम १३ब खाली किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं. परित्यागाच्या कारणासाठी दोन वर्षं लागतात. ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळ्या छपराखाली राहणं असा अर्थ होत नाही, हे सुरेष्टा देवी प्रकरणात १९९१ मध्येच ठरलं आहे. मुंबईत भाडं परवडत नाही म्हणून एकाच वन-बीएचकेमध्ये पती-पत्नीचं नातं न ठेवता राहणारी जोडपी पुष्कळ असतात. त्यांना हा मुद्दा माहीतच नसतो, तो आपणच विचारून काढायचा.

त्याच भेटीत दाखल्यांची यादी हातात द्यावी: लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या आणि ते दागिने अंगावर दिसतील असे फोटो. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, अडचणीत पतीने ती वापरली तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये माया गोपीनाथन प्रकरणात पुन्हा अधोरेखित केली. पण दागिने होते आणि ते सासरी राहिले, एवढं तरी दाखवावं लागतंच. पावती सापडत नसेल तर सराफाकडे जुन्या बिलबुकाची चौकशी करायला सांगावं.

आणखी एक. पक्षकाराने बोलण्याच्या ओघात मारहाणीचा उल्लेख केला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचं बघायचं. आज रात्री ती कुठे झोपणार आहे, हे विचारल्याशिवाय याचिकेचा विचारही करू नये.

कुठे आणि कोणत्या कायद्याखाली

कलम १९ प्रमाणे लग्न झालं ते ठिकाण, समोरचा पक्ष राहतो ते ठिकाण किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण, यांपैकी कुठेही याचिका दाखल होते. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही. म्हणजे लग्न नाशिकला, संसार हिंजवडीत आणि आता माहेर जळगावला असेल, तर पत्नीला जळगाव मोकळं आहे. कुटुंब न्यायालय नसलेल्या ठिकाणी हिंदू विवाह कायद्याची याचिका वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालते आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

कुटुंब न्यायालयात वकीलपत्र टाकलं की आपोआप उभं राहता येत नाही. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ खाली परवानगीचा अर्ज सोबत ठेवावा. तो बहुतेक वेळा मंजूर होतो, पण ठेवलाच नाही म्हणून पहिली तारीख फुकट जाते. पत्नीच्या बाजूने असाल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. स्त्रीधनाच्या वसुलीसारख्या मोठ्या रकमेच्या मागणीत ही माफी फार उपयोगी पडते.

विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर कलमं बदलतात (२७ आणि २८), मांडणी तीच राहते. मुस्लिम घटस्फोटितेला पोटगीचं फौजदारी कलम खुलं आहे, हे १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात निर्विवाद झालं. गोव्यातलं प्रकरण आलं तर मात्र थांबावं. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत आहे, वेगळा करार नसेल तर दोघांचा मालमत्तेत निम्मा वाटा असतो आणि वाटणीची प्रक्रियाही निराळी आहे. तिथल्या वकिलाला सोबत घेतल्याशिवाय पक्षकाराला कसलाही शब्द देऊ नये.

उत्पन्नाचं शपथपत्र: खरं काम इथे आहे

४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निवाडा आपल्याकडच्या, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात आला. त्यानंतर पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि दायित्वांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात देणं बंधनकारक झालं. शहरी नोकरदार-व्यावसायिकांसाठी एक नमुना आहे, शेतीवर जगणाऱ्यांसाठी दुसरा. समोरच्या बाजूला चार आठवड्यांत शपथपत्रासह उत्तर द्यायचं आहे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत, आणि मुद्दाम टाळाटाळ दिसली तर बचाव काढून टाकता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. अर्ज महिनाभर उशिरा टाकला तर पक्षकाराची एक महिन्याची रक्कम जाते. एवढ्यासाठीच अंतरिम पोटगीचा, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा, अर्ज मूळ याचिकेबरोबर त्याच दिवशी दाखल करावा.

एवढं स्पष्ट असूनही बऱ्याच ठिकाणी शपथपत्रं उरकल्यासारखी भरली जातात. ‘लागू नाही’ आणि ‘माहिती नाही’ यांनी पानं भरलेली असतात. न्यायालयाला ते दिसतं, आणि लपवणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येतं.

पगारपत्रक कसं वाचायचं ते एका उदाहरणावर बघू. समजा, पतीचा एकूण पगार १,४०,००० रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधी ७,२००, आयकर १६,००० आणि व्यवसाय कर २०० जातो. उरतात १,१६,६००. पुढे गाडीच्या कर्जाचा हप्ता १८,०००, पतपेढीचा हप्ता १०,००० आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी १५,०००. हातात राहतात ७३,६००, आणि शपथपत्रात उत्पन्न म्हणून हाच आकडा येतो. पत्नीच्या वकिलाने इथे बोट ठेवायचं. सक्तीच्या वजावटी धरल्या जातात, स्वेच्छेच्या नाहीत. एसआयपी ही बचत आहे आणि गाडी ही पतीची मालमत्ता. कल्याण डे चौधरी प्रकरणात २०१७ मध्ये निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी मानली गेली. हा नियम नाही, अंदाजाचा पट्टा आहे. पण तो पट्टा १,१६,६०० वर लावला तर २९,१५० येतात आणि ७३,६०० वर लावला तर १८,४००. दरमहा १०,७५० रुपयांचा फरक पगारपत्रकाच्या खालच्या तीन ओळींत दडलेला असतो. पतीच्या वकिलानेही हे आधीच समजून घ्यावं आणि हप्ता खरोखर कुटुंबासाठी असेल, उदाहरणार्थ पत्नी आणि मुलं राहतात त्याच घराचा, तर त्याचे कागद लावून तसं स्पष्ट मांडावं.

धंदेवाईकाचं उत्पन्न विवरणपत्रात कमी आणि राहणीमानात जास्त दिसतं. तिथे तीन वर्षांचे बँक खातेउतारे, जीएसटी विवरणं, क्रेडिट कार्डाची बिलं, मुलांच्या शाळेची फी, परदेश सहली, घरातल्या गाड्यांची नोंदणी असं सगळं मागावं. शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा, आठ-अ, साखर कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, पीककर्जाची नोंद. जमीन वडिलांच्या नावावर असली तरी वडिलोपार्जित असेल तर मुलाचा हिस्सा दाखवता येतो. समोरची बाजू कागद देत नसेल तर बँकेला, मालकाला किंवा आयकर खात्याला ते सादर करायला सांगण्याचा अर्ज द्यावा.

कमावत्या पत्नीच्या बाबतीत दोन टोकं टाळावीत. ती शिकलेली आहे, कमावू शकते, एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई वेगळी, असं शैलजा विरुद्ध खोब्बन्ना प्रकरणात म्हटलं आहे. दुसरीकडे, ती नोकरी करत असताना ‘गृहिणी’ लिहून दिलं तर सगळ्या प्रकरणावरचा विश्वास जातो. भविष्यनिर्वाह निधीची एक नोंद पुरते. कलम २४ आणि २५ खाली पतीही मागू शकतो. औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये नोकरदार पत्नीने घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश कायम ठेवला.

कलम २४, फौजदारी पोटगी (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, पूर्वीचं १२५) आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २० हे तिन्ही रस्ते एकाच वेळी चालू शकतात, मात्र आधी मिळालेली रक्कम पुढच्या न्यायालयाला सांगावी लागते आणि वळती होते. नांदायला येण्याचा हुकूमनामा पतीने मिळवला आणि पत्नी गेली नाही, एवढ्याने तिची पोटगी आपोआप बुडत नाही, हे रीना कुमारी प्रकरणात १० जानेवारी २०२५ ला ठरलं. लग्नच मुळात रद्दबातल ठरलं तरी कलम २५ खाली कायम पोटगी मिळू शकते, असा निर्णय १२ फेब्रुवारी २०२५ ला सुखदेव सिंग प्रकरणात झाला. पहिलं लग्न लपवून दुसरं लग्न केलेल्यांची प्रकरणं आपल्याकडे येतच असतात, त्यात फसवली गेलेली स्त्री आता रिकाम्या हाताने परतायला नको. त्याच निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००४ मध्ये अशा स्त्रीसाठी वापरलेल्या शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली. आपल्या मसुद्यांतून ‘अनौरस पत्नी’ असली भाषा कायमची हद्दपार झाली पाहिजे.

कायम पोटगीच्या रकमेसाठी डिसेंबर २०२४ चे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत. प्रवीण कुमार जैन प्रकरणात (१० डिसेंबर) आठ निकष सांगून पत्नीला ५ कोटी आणि मुलासाठी १ कोटी दिले गेले. रिंकू बाहेती प्रकरणात (१९ डिसेंबर) १२ कोटी मंजूर झाले, पण दोघांची संपत्ती समान करून देणं हा पोटगीचा हेतू नाही, असंही बजावलं गेलं. या रकमा पाहून पक्षकाराच्या अपेक्षा वाढतात, म्हणून निकष समजावून सांगा, आकडे सांगू नका.

राहतं घर

पत्नीला घराबाहेर काढलं असेल किंवा काढण्याची भीती असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ आणि १९. सासूच्या नावावरचं घर ‘सामाईक घर’ होत नाही, ही समजूत ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निवाड्याने मोडली. मे २०२२ च्या प्रभा त्यागी प्रकरणाने पुढे सांगितलं की ती स्त्री त्या घरात प्रत्यक्ष राहिलेली असण्याचीही गरज नाही. सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सुनेला बाहेर काढण्याचा अर्ज करतात तेव्हा एस. वनिता प्रकरणाचा (डिसेंबर २०२०) आधार घ्यावा. दोन्ही कायदे एकत्र वाचायचे आहेत आणि ज्येष्ठांचा कायदा सुनेचा हक्क उडवण्यासाठी वापरायचा नाही. मात्र वृद्ध सासू-सासऱ्यांना खरोखर त्रास होत असेल तर पर्यायी निवासाची मागणी करणं सर्वांच्या हिताचं ठरतं. त्या वेळी त्याच भागातल्या दोन-तीन सदनिकांच्या भाड्याचे आकडे अर्जाला जोडावेत.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल आधी मिळवला तर अर्जाला वजन येतं. त्याशिवायही अर्ज करता येतो.

पोलीस तक्रार

पत्नीच्या छळाच्या तक्रारीत १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ लागतात, आधीच्या कृत्यांना भारतीय दंड विधानाचं ४९८अ. तक्रार खरी असेल तर जरूर करावी. पत्नी जिथे आश्रयाला आली आहे तिथेही ती दाखल होते, असं रूपाली देवी प्रकरणात २०१९ मध्ये ठरलं. पण नणंद, दीर, परगावी राहणारे काका-काकू अशी सगळी नावं घालू नयेत. डिसेंबर २०२४ च्या दारा लक्ष्मी नारायण निवाड्याने अशा सरधोपट आरोपांची कठोर दखल घेतली आहे आणि तशी फिर्याद उच्च न्यायालयात रद्द होते. त्याचा फटका खऱ्या आरोपालाही बसतो. कोणी, कधी, कुठे, काय केलं एवढंच लिहा. पतीच्या बाजूने असाल तर अर्नेश कुमार निवाड्याप्रमाणे थेट अटक न होता आधी पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस येते की नाही ते पाहा, आणि नोटीस आली की पक्षकाराला वेळेवर हजर करा.

मोबाईलमधलं बोलणं

१४ जुलै २०२५ च्या विभोर गर्ग विरुद्ध नेहा निवाड्याने पती-पत्नींनी एकमेकांच्या नकळत केलेली ध्वनिमुद्रणं वैवाहिक वादात पुरावा म्हणून स्वीकारता येतात, असं ठरवलं. तेव्हापासून पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. स्वीकारता येणं आणि विश्वासार्ह ठरणं यांत अंतर आहे, ते कामातून भरून काढावं लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे ओळखण्याचा सांकेतिक आकडा) लिहावं लागतं. मराठी संभाषणाची लेखी प्रत शब्दशः करा, अहिराणी किंवा मालवणी असेल तर तशीच उतरवून शेजारी प्रमाण मराठी द्या. तासभराच्या मुद्रणातली दोन वाक्यं तोडून दिली तर उलटतपासात पूर्ण मुद्रण मागितलंच जाईल. आणि जोडीदाराच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो, या निवाड्याने त्याला मोकळीक मिळालेली नाही. पक्षकाराला हे लेखी सांगून ठेवा.

व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागण्याचा मोह टाळावा. पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशी चाचणी नाकारली. आईबापांच्या भांडणात मुलाच्या औरसपणावर प्रश्नचिन्ह लावू नये, ही त्यामागची भूमिका मला पूर्णपणे मान्य आहे.

मुलं

ताबा म्हणजे बक्षीस आहे असं समजून आई-बाप लढतात आणि आपण त्यांना थांबवत नाही, ही आपल्या व्यवसायातली सर्वांत दुखरी गोष्ट आहे. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, आणि सर्वांच्या वर मुलाचं हित, एवढा कायदा थोडक्यात सांगता येतो. यशिता साहू प्रकरणाने (२०२०) मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळण्याचा हक्क आहे हे ठळक केलं. तो हक्क कागदावर बारकाईने उतरवणं आपल्या हातात असतं.

‘पतीला मुलाला भेटू द्यावे’ अशा एका ओळीच्या आदेशातून पुढची पाच वर्षं भांडणं निघतात. त्याऐवजी असं लिहा: पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६, आणणं-सोडणं कोणी आणि कुठून, दिवाळीच्या सुटीचा पहिला अर्धा एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे, मे महिन्याची सुटी निम्मी-निम्मी, गणपतीत दीड दिवस आजोळी की वडिलांकडच्या आजीकडे, वाढदिवस, बुधवारी रात्री ८ ला व्हिडिओ कॉल, शाळेच्या पालकसभेला दोघांना मुभा, आजारपणात भेट चुकली तर ती कधी भरून द्यायची, पासपोर्ट कोणाकडे आणि परदेशी नेण्यापूर्वी किती दिवस आधी लेखी संमती घ्यायची. मुलाच्या खर्चाची रक्कम पत्नीच्या पोटगीपासून वेगळी दाखवा. शाळेची फी दरवर्षी वाढते, म्हणून वाढीचं कलम घाला. मूल लहान आणि वडील बरेच महिने न भेटलेले असतील, तर सुरुवात न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकाच्या नजरेखाली तासाभराच्या भेटीने करावी आणि पुढचे टप्पे तेव्हाच ठरवून ठेवावेत.

संमतीने: कन्सेंट टर्म्सचा (तडजोडीच्या अटींचा) मसुदा

विवाह समुपदेशक आणि मध्यस्थी या पायऱ्या औपचारिक मानू नका. मध्यस्थीत बोललेलं बाहेर वापरता येत नाही, हे पक्षकाराला आधी सांगितलं की तो मोकळा होतो. तडजोड होण्याच्या बेतात असताना आपण बोलणं कमी करावं.

कलम १३ब मधली, पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधली सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, हे अमरदीप सिंग निवाड्याने १२ सप्टेंबर २०१७ ला ठरवलं. अट अशी की एक वर्षाच्या विभक्ततेशिवाय आणखी सहा महिने पहिल्या अर्जापूर्वीच उलटलेले असावेत, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी-ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. म्हणजे व्यवहारात दीड वर्षाची विभक्तता. माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर एका आठवड्याने करता येतो. सगळी रक्कम आधीच चुकती झालेली असावी असा आग्रह काही वेळा धरला जातो. मार्च २०२५ मध्ये एका क्रिकेटपटूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसरा हप्ता हुकूमनाम्यानंतर द्यायचा असं अटींमध्येच ठरलं असेल, तर तेवढ्या कारणाने माफी नाकारता येत नाही.

संमती शेवटच्या दिवसापर्यंत टिकावी लागते. स्मृती पहाडिया प्रकरण २००९ मध्ये मुंबईतूनच गेलं होतं. गैरहजेरीला संमती समजता येत नाही, हा त्याचा धडा. म्हणून रकमेचे टप्पे टप्प्याटप्प्याच्या घटनांना बांधा: काही भाग पहिल्या अर्जाला, काही फिर्याद रद्द करण्याच्या शपथपत्रावर, उरलेला हुकूमनाम्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. ४९८अ ची फिर्याद तडजोडीने मिटवायची तर उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावी लागते. ती कोण दाखल करणार, खर्च कोणाचा, शपथपत्र किती दिवसांत, हे सगळं अटींमध्ये हवं.

मालमत्तेच्या कलमाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. दोघांच्या नावावरचा फ्लॅट पत्नीला द्यायचा ठरला, तर ते हुकूमनाम्यापूर्वी, दोघं कायद्याने पती-पत्नी असतानाच नोंदणीकृत बक्षीसपत्राने करणं बहुधा सोयीचं पडतं. महाराष्ट्रात राहतं घर जोडीदाराला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणी फीचं दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावं. तेच हक्कसोडपत्राने केलं आणि मिळकत वडिलोपार्जित नसली, तर बाजारभावावर शुल्क भरायची वेळ येऊ शकते. आयकरातही पती-पत्नी ‘नातेवाईक’ असतात, घटस्फोटानंतर ते नातं राहत नाही. जी मिळकत याचिकेचा विषयच नव्हती ती तडजोडीच्या हुकूमनाम्यात घातली, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हुकूमनाम्याची नोंदणी लागते. म्हणून मिळकतीचं पूर्ण वर्णन याचिकेच्या परिशिष्टात आधीच द्या. घरावर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या, नाहीतर फ्लॅट पत्नीचा आणि हप्ता कोणाचाच नाही अशी अवस्था होते. एकरकमी पोटगी ही भांडवली जमा असून तिच्यावर कर नाही, दरमहाची रक्कम मात्र उत्पन्न धरली जाते, हा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८४ चा राजकुमारी महेश्वरी देवी यांच्या प्रकरणातला निर्णय रकमेचं स्वरूप ठरवताना पक्षकाराच्या सनदी लेखापालालाही दाखवावा.

संमती नसेल तर

‘विवाह पूर्णपणे मोडला आहे’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. १ मे २०२३ च्या शिल्पा शैलेश निवाड्यातल्या घटनापीठाने या कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाचा असल्याचं सांगितलं. तो पक्षकाराचा हक्क नाही आणि त्यासाठी थेट रिट याचिका टाकता येत नाही. कुटुंब न्यायालयात आपल्याला क्रूरता किंवा परित्यागच सिद्ध करावा लागतो. मात्र राकेश रमण प्रकरणात (२०२३) पंचवीस वर्षांची ताटातूट हीच दोघांसाठी क्रूरता मानली गेली, त्यामुळे दीर्घ विभक्ततेची बाजू याचिकेत नीट मांडून ठेवावी. सरतपासाच्या (आपल्या बाजूच्या साक्षीच्या) शपथपत्रात चार-पाच ठळक प्रसंग पुरेत, प्रत्येकाला तारीख, साक्षीदार आणि कागद असलेले.

जोडीदार परदेशात असेल तर

लंडन, न्यू जर्सी किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्यांची प्रकरणं आता जिल्ह्याच्या ठिकाणीही येतात. इंग्लंड-वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. अर्जानंतर २० आठवडे, मग आणखी सहा आठवडे, आणि एकट्यालाही अर्ज करता येतो. पण वाय. नरसिंह राव निवाड्याप्रमाणे (१९९१) लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातल्या कारणावर, आणि समोरचा पक्ष खऱ्या अर्थाने हजर राहिला किंवा त्याने संमती दिली, तरच परदेशी हुकूमनामा इथे चालतो. तिथला एकतर्फी हुकूमनामा घेऊन इथे दुसरं लग्न केलं तर गुन्हा ओढवू शकतो. म्हणून तिथली नोटीस इथल्या पत्नीला आली की तिने तिथे जाऊन उत्तर देण्याआधी आपला सल्ला घेतला पाहिजे. नुसता हजेरीचा अर्ज दिला तरी पुढे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचा मुद्दा उपस्थित होतो. दोघांची तयारी असेल तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे इथेच कलम १३ब, मुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी घेऊन.

मूल परदेशातून इथे आणलं असेल तर भारत १९८० च्या हेग बालअपहरण कराराचा सदस्य नाही. मूल आपोआप परत पाठवलं जात नाही, न्यायालय मुलाचं हित स्वतंत्रपणे तपासतं. पण परदेशी न्यायालयाचा आदेश त्या तपासणीतला एक घटक असतोच.

निकाल लागल्यानंतर

कुटुंब न्यायालय कायद्यात अपिलाची मुदत ३० दिवस, हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शिवराम शेट्टी प्रकरणात (२०१६) ९० दिवस धरले. तरी आपली तयारी ३० दिवसांचीच असावी. संमतीशिवाय, वाद चालून झालेल्या हुकूमनाम्यानंतर ही मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची बोलणी पुढे नेऊ नयेत, असं पक्षकाराला लेखी कळवा. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही.

पोटगी थकली तर फौजदारी बाजूला वसुली वॉरंटचा अर्ज एक वर्षाच्या आत करावा लागतो. थकबाकी साचू देणारा पक्षकार जुने महिने गमावतो. कलम २४-२५ ची रक्कम असेल तर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगारावर जप्ती मागावी, त्यासाठी मालकाच्या कार्यालयाचा पूर्ण पत्ता शपथपत्रातच आधी घेतलेला असावा.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवायला सांगा. एक पासपोर्टसाठी, एक बँकेतल्या संयुक्त खात्यासाठी, एक सोसायटीच्या भागपत्रासाठी. भविष्यनिर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंड आणि डीमॅटवरचं नामनिर्देशन घटस्फोटाने बदलत नाही. ते प्रत्येक ठिकाणी अर्ज देऊन बदलावं लागतं, आणि मृत्युपत्र असेल तर तेही नव्याने करावं लागतं.